शिकायचंय, पण…: साक्षरतेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?" म्हणतात. सुरुवात कशी करू?

आधी त्यांचे डोळे तपासून घ्या. थट्टा नाही करत. आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक आजी दोन महिने पाटी हातभर लांब धरून बसायच्या, आम्हाला वाटायचं यांच्या डोक्यात काही शिरत नाही, शेवटी शेजारणीचा चष्मा लावून बघितला तर त्याच दिवशी फळ्यावरचं 'कमल' वाचलं! आणि अ अननसाचा वगैरे नको (घरात अननस येतो कधी?). त्यांचं नाव, नातवाचं नाव, एसटीची पाटी, असं घ्या. नोटा तर त्या ओळखतातच, आकडे तिथूनच धरा. जमलं तर नातवाला शिकवायला बसवा, सुनेपुढे चुकायची लाज वाटते, नातवाचं ओरडणं गोड लागतं.

प्रश्न: 'उल्लास'मध्ये (केंद्र सरकारचा प्रौढ साक्षरता कार्यक्रम) स्वयंसेवक झालो तर मानधन मिळतं का? शिकणाऱ्यांची परीक्षा अवघड असते का?

मानधन नाही. परीक्षा १५० मार्कांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. अवघड नसते, पण जन्मात पहिल्यांदा पेपर हातात आला की भल्याभल्यांचा हात थरथरतो, म्हणून आधी घरी एकदा सोडवून घ्या.

प्रश्न: गावात वर्ग लावला तर कुणी फिरकत नाही, सरकारी काम म्हणतात. काय करावं?

मग ते गावाचं काम करा ना. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, १९७२ मध्ये युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं. तिथे गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, म्हणजे मान अख्ख्या गावाचा, त्यामुळे एखादं घर मागे राहिलं तर शेजारीच जाऊन ओढून आणणार. कच्चा दुवा एकच, समारंभ झाल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेलं वर्षभरात पुसलं जातं. मुरबाडजवळच्या फांगणे गावातली आजीबाईंची शाळा बघा, ८ मार्च २०१६ ला सुरू झाली, गुलाबी नऊवारीचा युनिफॉर्म, खांद्याला दप्तर. सगळ्याच आज्या दप्तर घेऊन निघाल्या की कोण कुणाला हसणार?

प्रश्न: माझं तालुक्याचं यूट्यूब न्यूज चॅनल आहे. आम्ही काय करू शकतो?

प्रमाणपत्र वाटपाचे फोटो आणि पाहुण्यांची भाषणं तेवढी कमी करा, बाकी बरंच आहे. भजन, लोकगीतं टाकता तेव्हा खाली मोठ्या अक्षरात मराठीतच ओळी द्या. दूरदर्शनवर 'चित्रहार', 'रंगोली'च्या गाण्यांखाली असा प्रयोग झालाय. गाणं आधीच पाठ असतं, त्यामुळे डोळा आपोआप शब्दामागे पळतो. कांद्याचा भाव नुसता बोलू नका, लिहून दाखवा आणि चार सेकंद तसाच राहू द्या, हल्ली व्हॉइस नोटमुळे वाचायची गरजच पडत नाहीये हो. नवसाक्षर ताईंची मुलाखत घेतलीत तर आधी विचारा, आणि जुना अंगठ्याचा कागद दाखवायला लावू नका, त्यांच्याकडून आजचा बाजारभावच वाचून घ्या. आणि अपलोड करण्याआधी शुद्धलेखन बघा, परवा मला आलेल्या एका व्हिडिओत 'साक्षरता' हाच शब्द चुकला होता.