फळ कुठंय?

प्रिय पोरी,

वनस्पतीची नवी जात सापडली असं सांगणारी तुझी लांबलचक मेल वाचली. फोटोही मोठे करकरून पाहिले. झुडूप देखणं आहे, आणि असल्या अवघड जागी कातळाच्या खोबणीत ते तुला दिसलं यात नवल नाही. तुझी नजर मला ठाऊक आहे. पण तू विचारलंस काय? नाव आजीचं द्यावं की डोंगराचं, पेपर कुठं पाठवावा, आणि गाईड म्हणतात तसं फेलोशिपच्या अहवालाआधी, फेब्रुवारीतच उरकून टाकावं का. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! जो प्रश्न पहिला हवा होता, तो सबंध पत्रात नाही. फळ कुठंय?

चौथा फोटो पुन्हा उघड. पाच पाकळ्या, मध्ये मांसल चकती, चकतीच्या कडेला पाच पुंकेसर ताठ उभे, आणि बीजांडकोश इवलासा, चकतीत बुडून गेलेला. हे नर फूल आहे. हेकळीच्या वंशात, म्हणजे जिम्नोस्पोरियात, फुलं बहुधा एकलिंगी असतात, आणि नर-मादी फुलं वेगवेगळ्या झुडपांवर येतात. तू ज्या झुडपाला रिबीन बांधून आलीस त्याच्या बुडाशी जन्मभर बसलीस तरी त्याला फळ लागायचं नाही. 'परत जाऊन पाहिलं, फळ धरलेलं नाही' असं तू लिहितेस. कसं धरेल? मादी झुडूप शोध. ते त्याच उतारावर असेल, कदाचित हाकेच्या अंतरावर. फुलं कमी भरगच्च दिसली म्हणून तू त्याच्याजवळून निघून गेली असशील.

आता काट्यांबद्दल. तुझ्या मसुद्यात वेगळेपणाचा सगळा भार काट्यांवर आहे: लांब, ताठ, दाट. काटा कुठून निघतो हे तू नीट पाहिलंस, ते आवडलं. बोरीचा काटा पानाच्या देठाशी, उपपर्णाच्या जागी येतो, गुलाबाचा नुसत्या सालीतून येतो, आणि तुझ्या झुडपाचा पानाच्या बगलेतून येतो. म्हणजे ती फांदीच आहे, आणि म्हणूनच तुझ्या दुसऱ्या फोटोत काट्यावर पानं फुटलेली दिसतात. इथपर्यंत उत्तम. पण लांबी? लांबीवर जात उभी करायची? शेळ्यांनी ओरबाडलेलं झुडूप पुन्हा फुटतं ते काट्यांनी भरून फुटतं. तोडलेल्या खुंटाच्या नव्या फुटव्यांवर काटे लांब असतात, आणि त्याच झुडपाच्या सावलीतल्या जुन्या फांद्या कधी कधी जवळजवळ बिनकाट्याच्या असतात. तुझ्या डोंगरावर दोन पाड्यांची शेरडं चरतात. तू मोजलेत ते काटे जातीचे किती आणि शेरडांचे किती, सांगता येईल?

फळाला शेरडं असं फसवू शकत नाहीत. बोंड दोन शकलांत उकलतं की तीन, आत बिया किती, बीच्या बुडाशी जे मांसल आवरण असतं ते किती वर चढलंय, ताजं असताना त्याचा रंग काय आणि सुकल्यावर काय, हे सगळं फळ सांगतं. पान सांगत नाही, काटा तर मुळीच नाही. म्हणून पुन्हा विचारतो, फळ कुठंय?

तुझे गाईड म्हणतील की नियमात सगळं बसतंय, आणि ते खरंच बोलतात. वनस्पतींच्या नामकरणाच्या संहितेत फळाची अट नाही. १९५८ पासून टाइप नमुना, म्हणजे ज्याच्याशी नाव कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, सांगावा लागतो, १९९० पासून तो कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवला तेही लिहावं लागतं, आणि वर्णन द्यावं लागतं किंवा वेगळेपण नेमकं कशात ते मांडावं लागतं. २०१२ पासून लॅटिनची सक्तीही गेली, इंग्रजी वर्णन चालतं, पीडीएफमध्ये प्रसिद्ध झालेलंही चालतं. आमच्या वेळी लॅटिन लिहून देणारा माणूस गाठण्यात महिने जायचे. आम्ही कुरकुरायचो, पण तेवढ्यात झुडपाला फळ लागून जायचं! आता सगळं इतकं सुकर झालंय की फूल दिसल्यापासून नाव छापून येईपर्यंत मध्ये ऋतूच उरला नाही. तर फळाची अट संहितेची नाही, माझी आहे. पटत नसेल तर मोड, पण मग मला विचारू नकोस.

तुला वाटेल, हा म्हातारा आपलं हुकलेलं नाव माझ्या डोक्यावर मारतोय. थोडंसं असेलही. साल्हेरच्या बाजूला एका कड्याच्या पट्टीवर मलाही एक काटेरी झुडूप मिळालं होतं. फुलं होती, शीटा, म्हणजे कागदावर लावलेले वाळके नमुने, होत्या, मसुदा तयार होता. मी फळासाठी थांबलो. एका वर्षी वणव्यानं पट्टी साफ केली, एका वर्षी कच्ची बोंडं कुणीतरी ओरबाडून नेली, आणि दरम्यान दुसऱ्या राज्यातल्या डोंगरावरून तीच वनस्पती कुणीतरी नवी म्हणून जाहीर केली. त्या वर्णनात फळापुढे काय लिहिलं होतं? 'आढळले नाही.' लोक म्हणाले, बसलास ना उबवत. म्हणू देत. आज त्या भागातलं फळ धरलेलं झुडूप कुणाच्या हाती आलं, तर ते तेच की त्याचं भावंड, हे त्या वर्णनावरून कुणालाही ठरवता येत नाही, आणि फोन मला येतात. नाव त्यांचं, निस्तरणं माझं. पुन्हा ती वेळ आली तरी मी थांबेनच. नाव गेल्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की ते फळ मी अजून पाहिलेलं नाही, आणि आता गुडघे त्या पट्टीवर जाऊ देत नाहीत.

असो. तुझं बघू.

मादी झुडूप सापडेपर्यंत रिकामी बसू नकोस. हूकर यांच्या फ्लोरासाठी, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या ग्रंथासाठी, लॉसन यांनी १८७५ मध्ये हा वंश हाताळला, मुंबई इलाख्यासाठी कुक यांनी आपल्या १९०१ ते १९०८ मध्ये निघालेल्या ग्रंथात. दोन्ही मुळातून वाच, कुणीतरी केलेला गोषवारा नको. मग पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात जा, मुंबईला झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जा, आणि या वंशाच्या शीटा एकेक करून उलट. विशेषतः ज्यांवर जातीचं नावच लिहिलेलं नाही त्या. कुणा जुन्या माणसानं तुझंच झुडूप उन्हाळ्यात तोडून आणलेलं असेल, ओळखू आलं नाही म्हणून तसंच ठेवलं असेल, आणि त्या फांदीवर बोंडं असतील. असं घडतं. पर्यटकासारखे मोबाइलवर फोटो काढून परत येऊ नकोस. भिंग लाव, लेबल वाच, महिना टिपून घे. कुठल्या महिन्यात फळ होतं ते तिथंच कळेल.

डीएनए करायचं तर कर. पण ज्या नमुन्याशी तुलना करशील, तो ओळखताना कुणी फळ पाहिलं होतं का, तेवढं विचार.

थंडीत फूल म्हणजे मार्चच्या सुमाराला बोंडं पक्व व्हावीत. तेव्हाच आपल्याकडे वणवे लागतात, त्यामुळे 'पुढच्या रविवारी जाऊ' चालणार नाही. वनखात्याची परवानगी आत्ताच मागून ठेव, कागद हलायला वेळ लागतो. पाड्यावरच्या शेरडं राखणाऱ्या बायकांना फांदी दाखव आणि याचं बोंड कुठल्या झुडपाला लागतं ते विचार. तुझ्याआधी त्यांना माहीत असेल, आणि आभारात त्यांचा उल्लेख आलाच पाहिजे. फांदी कागदात घालताना काटे वर्तमानपत्र फाडून शेजारच्या शीटेत घुसतात, तर वर जाड पुठ्ठा ठेवून बुटानं दाब दे आणि मगच प्रेस आवळ. फळं थोडी सुकी ठेव, थोडी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, आणि आवरणाचा रंग तिथंच वहीत लिही. अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाही. नर आणि मादी दोन्हींच्या शीटा कर, एकाहून जास्त हर्बेरियममध्ये ठेव. डोंगराचं नेमकं ठिकाण मात्र मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नकोस.

नावाचं विचारलंस म्हणून सांगतो. अंजनेरीच्या नावाचं कंदीलपुष्प आहे, तसं डोंगराचं नाव देता येतं. पण तेच झुडूप उद्या सातपुड्यात सापडलं तरी नाव बदलत नाही. आजीचं दे. तुला झाडं तिनं दाखवली, माझ्या वर्गानं नाही. स्त्रीच्या नावाला लॅटिनमध्ये प्रत्यय वेगळा लागतो, तेवढा तपासून घे.

गाईडना सांग की फेलोशिपच्या अहवालात 'अभ्यास सुरू आहे' असं लिहिता येतं, त्यात कमीपणा नाही. तरी चिडले तर सांग, उशीर माझ्यामुळे झाला. ते मला ओळखतात. त्यांना आश्चर्य वाटणार नाही.

तुझा,
सर