हृदय थांबवून बायपास: परत सुरू झालं नाही तर?

बायपास ठरली की समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा: "शेजारच्यांची बीटिंग हार्ट झाली, आमची का नाही?" (बीटिंग हार्ट म्हणजे हृदय न थांबवता, ते धडधडत असतानाच केलेली बायपास.) "काही होणार नाही हो" म्हटल्यानं ही भीती जात नाही, रात्री पुन्हा वर येते. आत नेमकं काय घडतं ते कळलं की माणूस झोपतो, असं माझं ठाम मत आहे.

एक काका (ओळखीचे तपशील बदलले आहेत), वीज खात्यातून निवृत्त झालेले वायरमन. तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालणाऱ्या जोडवाहिन्या) लागणार होते. दोन्ही भेटींत एकच ठेका: "थांबलेलं हृदय म्हणजे मेलेलं हृदय."

"मेलेलं नाही, काका. महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, क्लॅम्प (चिमटा) लावला की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जास्त पोटॅशियमचं द्रावण सोडतात. एरवी रक्तात लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल पोटॅशियम असतं, सेंट थॉमस नावाच्या अशा द्रावणात १६. तेवढ्यानं पेशींचे सोडियम चॅनेल निष्क्रिय होतात, विजेचा संदेश पुढे जात नाही, स्नायू सैल पडतो. आकुंचन थांबल्यामुळे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाचतं. रक्त मिसळलेलं द्रावण साधारण दर २० मिनिटांनी पुन्हा देतात."

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे शटडाऊन घेतलाय. लाइन बंद आहे, जळलेली नाही." आणि लगेच, "पण मॅडम, खरा घोळ लाइन परत चार्ज करताना होतो."

या रोगशास्त्रातलं सगळ्यात अवघड पान काकांनी स्वतःच उघडलं होतं. रक्त बंद असताना पेशीत आम्ल साचतं. ते बाहेर टाकताना सोडियम आत येतं आणि सोडियम काढताना कॅल्शियम. क्लॅम्प निघून ऑक्सिजन आला की मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, मुक्त मूलकं (पेशीला इजा करणारे रेणू) उसळतात. कॅल्शियम आधीच जास्त, त्यात आम्लता झपाट्यानं उतरते, म्हणून मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणातलं छिद्र उघडतं आणि पेशी मरू शकते. याला रीपरफ्युजन इजा म्हणतात. म्हणूनच द्रावणात मॅग्नेशियम असतं आणि काही सर्जन क्लॅम्प काढण्याआधी कोमट रक्ताचा शेवटचा डोस देतात.

"मग चालू लाइनवर काम केलेलं बरं?" काकांच्या मुलीनं विचारलं.

बीटिंग हार्टमध्ये सगळं हृदय उपाशी राहत नाही. ज्या धमनीवर टाके घालायचे तीच काही मिनिटं बंद होते, नाहीतर आत बारीक शंट (रक्त वाहतं ठेवणारी नळी) ठेवतात. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, कमी वाढतं, हृदय थांबलेलं असताना रक्त फिरवणाऱ्या पंपाच्या (हार्ट-लंग मशीनच्या) नळ्यांना रक्त लागून उठणारी दाहक प्रतिक्रियाही टळते. पण हृदय उचलून मागच्या बाजूला काम करताना बीपी पडतो आणि हलत्या धमनीवर टाका घालणं अवघड असतं. ४,७५२ रुग्णांवरच्या 'कोरोनरी' नावाच्या संशोधन चाचणीत ५ वर्षांनंतर दोन्ही पद्धतींच्या निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. 'रूबी' नावाच्या दुसऱ्या चाचणीत तर वर्षभरानंतर ऑफ-पंप (म्हणजे बीटिंग हार्ट) ग्राफ्ट जास्त बंद पडलेले आढळले. पेशीचा फायदा आणि माणसाचा फायदा नेहमी एकच नसतो.

म्हणून पद्धतीवरून हुज्जत घालण्याऐवजी सर्जनना विचारा: ईएफ (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता) किती? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) किती? महाधमनीत कॅल्शियम साचलंय का? साचलं असेल तर क्लॅम्प टाळणं शहाणपणाचं. आणि तुमच्या टीमचा हात कशावर बसलाय?

ऑपरेशननंतर मुलीचा घाबरून फोन आला: "ट्रोपोनिन खूप वाढलंय, आतच अटॅक आला का?" बायपासनंतर ते जवळजवळ सगळ्यांचंच वाढतं. अटॅक ठरवायला ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या १० पटींवर जावं लागतं, शिवाय ईसीजी, इको किंवा अँजिओग्राफीत नवा बदल दिसावा लागतो. एका आकड्यावर घाबरू नका, पुढचा आकडा उतरतोय का ते विचारा. काकांचा दुसऱ्या दिवशी उतरला होता, इकोही जुन्यासारखाच होता.