जीईपी आहे, म्हणून निर्धास्त राहू नका

जर्मनीतल्या ज्या विद्यापीठातून मेरी क्युरी पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाची युरोपियन युनियनची फेलोशिप) अर्ज करताय, त्यांचा 'जेंडर इक्वॅलिटी प्लॅन' (जीईपी), म्हणजे स्त्री-पुरुष समानतेचा आराखडा आहे. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन येताना त्यावर कितपत विसंबायचं, असं तुम्ही विचारलंय.

फारसं नाही. २०२२ पासून होरायझन युरोपचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या संशोधन कार्यक्रमाचा निधी हवा असेल तर विद्यापीठांना आणि सरकारी संस्थांना असा प्लॅन लागतोच, त्यामुळे तो सगळ्यांकडे असतो. (खासगी कंपन्या यातून सुटल्यात.) तरी उघडून वाचा. वरिष्ठांची सही, राखून ठेवलेली माणसं आणि पैसा, प्रशिक्षण आणि दरवर्षीची स्त्री-पुरुष आकडेवारी त्यात असावी लागते. मी थेट आकडेवारीवर जाते. पीएचडीला निम्म्या मुली, प्रोफेसर बायका मोजक्या, आणि वर्षानुवर्षं तेच आकडे दिसले, तर काय समजायचं ते समजा.

खरा फायदा नियमांत आहे. मेरी क्युरीच्या अर्जासाठी पीएचडीनंतर संशोधनाच्या ८ वर्षांची मर्यादा असते, तिच्यात बाळंतपणाची रजा धरत नाहीत. मुलगी असल्याने फॅमिली अलाउन्स (कुटुंब भत्ता) मिळेल. मात्र त्यातूनच मालकाचा सामाजिक विम्याचा वाटाही जातो, हे धरून हिशेब करा. पुढे ईआरसीला (युरोपियन रिसर्च कौन्सिल) अर्ज केलात तर पीएचडीनंतरच्या मुदतीत आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून मिळतात, बापाला प्रत्यक्ष घेतलेल्या रजेपुरतेच. जर्मन कायद्यातही मुलामागे २ वर्षं वाढतात, पण वाढते ती तात्पुरत्या करारांची कमाल मर्यादा, तुमचा करार नव्हे. इथे भले भले फसतात.

प्रपोजलमधला 'जेंडर डायमेन्शन'चा भाग हलक्यात घेऊ नका, त्याला 'एक्सलन्स' या मूल्यमापनाच्या निकषात गुण आहेत. तिथे टीममध्ये किती बायका आहेत हे लिहायचं नसतं. संशोधनाच्या विषयात लिंगभेदाने उत्तर बदलतं का, हे लिहायचं. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा बायकांसाठीचा डोस अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१३ मध्ये १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं. असं काही तुमच्या विषयात आहे का बघा. नसेल तर का नाही, ते दोन ओळींत लिहा. रकाना कोरा ठेवू नका.

राहिला पाळणाघराचा प्रश्न. जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला किटात (तिथलं पाळणाघर) किंवा घरी मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे जागा मिळणं २०१३ पासून कायद्याने हक्काचं आहे, पण रांग असतेच. निकालाची वाट न बघता विद्यापीठाच्या फॅमिली सर्व्हिसला आजच मेल टाका, आणि त्यांच्या स्वतःच्या किटात पोस्टडॉकच्या मुलांना घेतात का, हे स्पष्ट विचारा.