मॅडम, असलं खाणं आम्हाला परवडायचं का?

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हा प्रश्न विचारतात. काही जण तोंडाने विचारतही नाहीत. "बघू, जमेल तसं करू" म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. मोबाइलवर 'हेल्दी' म्हणून जे दाखवतात ते ओट्स, क्विनोआ, ब्रोकोली, बदामाचं दूध. एका पगारावर पाच माणसं जेवणाऱ्या घराला त्यातलं काय परवडणार? म्हणून एका घराची गोष्ट जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, किराण्याचा हिशेब मात्र बदललेला नाही.

घर मूळचं बार्शीकडचं. मिस्टर भोसरी एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला, ताई घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणाऱ्या. सोबत सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत मिस्टरांचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्या धास्तीने ताई आल्या होत्या. हातात कुणीतरी दिलेला छापील डाएट चार्ट होता: सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी ब्राऊन राइस, रात्री सूप आणि सॅलड. प्रत्येक ओळीपुढे ताईंनी पेन्सिलीने भाव लिहिला होता, खाली बेरीज करून तिला गोल केला होता. "एकट्या ह्यांचं एवढं होतं मॅडम. मग पोरांनी आणि आम्ही काय खायचं?"

त्या कागदाखाली घडी घालून आणखी एक रिपोर्ट होता, त्यांचा स्वतःचा. हिमोग्लोबिन ९.४. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पण त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. इतका सगळीकडे आहे, म्हणूनच त्याचं कुणाला काही वाटत नाही. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, घेते की," एवढंच त्या म्हणाल्या. कशाबरोबर घेता, विचारलं. "सकाळच्या चहाबरोबर. नाहीतर विसरायला होतं."

पहिला बदल तिथेच सापडला आणि त्याला एक पैसाही लागणार नव्हता. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट अंगी लागत नाही, दुधातल्या कॅल्शियमचाही अडथळा होतो. गोळी चहापासून तास-दीड तास लांब न्यायची आणि लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. एवढ्या कमी हिमोग्लोबिनला नुसतं खाणं पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवायच्या, हेही बजावलं. जाताना म्हटलं, तो चार्ट राहू द्या आणि पुढच्या वेळी वाण्याची यादी घेऊन या. गेल्या महिन्याची, आहे तशी.

मला विचाराल तर घराचं आरोग्य रक्ताच्या रिपोर्टाआधी किराण्याच्या यादीत दिसतं. ताईंच्या यादीत सात लिटर तेल होतं, पाच किलो साखर होती आणि तूरडाळ फक्त दोन किलो. मटकी अर्धा किलो, शेंगदाणे किलोभर, पोहे, साबुदाणा, चहा, बिस्किटांचे पुडे. गहू-तांदूळ रेशनचा. प्राधान्य गटातल्या शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य सध्या मोफत मिळतं, त्यामुळे तो खर्च थोडा. यादीत नसलेली एक गोष्ट विचारल्यावर कळली. दोन्ही मुलांना रोज दहा रुपयांचं एकेक कुरकुरीत पाकीट.

आम्ही दोघींनी मिळून भागाकार केला. सात लिटर तेल म्हणजे साधारण साडेसहा किलो. पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोजचं बेचाळीस-त्रेचाळीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दोन हजार कॅलरीच्या रोजच्या ताटात तेल-तूप सत्तावीस ग्रॅम धरलं आहे. साखर माणशी तेहतीस ग्रॅम निघाली, बिस्किटांतली वेगळी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आणि डाळ-कडधान्य? अडीच किलो भागिले दीडशे, म्हणजे सतरा ग्रॅम. पोषण संस्थेच्या ताटात ते पंच्याऐंशी ग्रॅम आहे.

ताई त्या सतराकडे बघत राहिल्या. "म्हणजे आम्ही पोळी-भाताने पोट भरतोय." त्यांनी स्वतः हे म्हटलं याचा फार उपयोग झाला. पंच्याऐंशी ग्रॅम धरायचे तर या घराला महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्यं लागतील. ते एकदम होणार नाही आणि मी तसं सुचवलंही नाही. अडीचाचे पाच किलो करायचे, इतकंच ठरलं. त्याचे पैसे यादीतूनच काढायचे, पगारातून नाही.

यातलं काय आधी करायचं, हे मी ठरवत नाही. ज्या हातांना स्वयंपाक करायचा आहे त्यांनाच ठरवू देते. घरातल्या बाईला सकाळी किती वेळ मिळतो हे न विचारता दिलेला चार्ट कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो भिंतीवरच राहतो. ताई पाचला उठतात, सातपर्यंत तीन डबे भरतात, मग मशीनवर बसतात. त्यांना नवा पदार्थ नको होता, आहे त्याच कामात बसेल असं काही हवं होतं. त्यांनी दळण निवडलं. पाच किलो गव्हात किलोभर हरभरे टाकून गिरणीत द्यायचे. पोळ्या तितक्याच, वेळ तितकाच, आणि प्रत्येक पोळीत आपोआप कडधान्य. पहिल्या दळणाला मुलानं "पोळी कडक लागते" म्हणून तोंड वाकडं केलं. तेव्हा हरभरे अर्धा किलोवर आणले आणि पुढच्या दळणापासून हळूहळू वाढवले. कणीक जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली की पोळी मऊ राहते, हे त्यांनीच शोधून मला सांगितलं.

ज्वारीबद्दलही बोलणं झालं. आमच्या क्षेत्रात पटकन म्हणतात, गहू बंद करा, भाकरी खा. पण ज्वारी आता स्वस्त राहिलेली नाही आणि रेशनचा गहू फुकट मिळतो. पूर्ण बदल या घराला झेपला नसता. मिस्टरांची रात्रीची भाकरी तेवढी सुरू केली, इतरांच्या पोळ्याच राहिल्या. त्याबरोबर ताटातला भात दोन वाट्यांवरून एकीवर आला आणि आमटी पातळ फोडणीच्या पाण्याऐवजी घट्ट झाली.

खरी मदत आली ती सासूबाईंकडून. दुसऱ्या भेटीला त्या मुद्दाम सोबत आल्या होत्या, सुनेला कुणी काय शिकवतंय ते बघायला. मी कडधान्यांच्या भावाबद्दल बोलत होते तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, "हुलगे का आणत नाय मग? गावाकडं तर आमी त्येच्यावरच वाढलो." हुलगा म्हणजे कुळीथ. शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोह. आणि तूरडाळीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त. आजींना म्हटलं, मग तुम्हीच करून घाला. त्यांनी आठवड्यातून एका रात्री शेंगोळे करायला घेतले. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, ठेचलेला लसूण, जिरं, हळद, तिखट घालून घट्ट मळायचं. तळहातावर करंगळीएवढी वळी वळून तिचा वेढा करायचा. कढईत एक चमचा तेलात लसणाची फोडणी, वर भरपूर पाणी, त्याला उकळी आली की एकेक शेंगोळं सोडायचं. शिजता शिजता पाणी दाटसर होतं. पाच माणसांचं जेवण एका कढईत, एक चमचा तेलात. मुलीला वळायला आवडायला लागलं आणि त्या रात्री ताईंना चुलीपुढून सुटका मिळाली. माझ्या मते या सगळ्या बदलांत सर्वांत मोठा फायदा तोच होता.

मुलांच्या पाकिटांवर मी बंदी घालायला सांगत नाही. बंदी घातली की मुलं शाळेबाहेर मित्राच्या पाकिटात हात घालतात आणि घरात खोटं बोलायला शिकतात. इथे मुलांशी बसून ठरवलं. आठवड्यातले तीन दिवस पाकीट, कुठले तीन ते त्यांनी निवडायचे. उरलेल्या दिवशी फुटाणे-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं किंवा पेरू. सफरचंदाच्या मागे लागू नका, हे मी प्रत्येक घरात सांगते. हंगामातला पेरू सफरचंदापेक्षा किती तरी स्वस्त असतो आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत संत्र्यालाही मागे टाकतो.

हिशेबाचं पुढे काय झालं? तेल सातावरून आधी सहा आणि काही महिन्यांनी पाच लिटरवर आलं. त्यासाठी एकच युक्ती केली. महिन्याचं तेल एकदम कपाटात न ठेवता आठवड्याचं वेगळ्या बरणीत काढायचं आणि बरणीतलं संपलं तर पुढच्या आठवड्यापर्यंत ताणायचं. साखर पाचाची तीन किलो झाली. पाकिटं निम्म्यावर, बिस्किटांचे पुडेही निम्म्यावर. त्यातून महिन्याला नऊशेच्या आसपास रुपये सुटले. अडीच किलो जास्तीची कडधान्यं, तीस अंड्यांचा एक ट्रे आणि पालेभाजीच्या जुड्या त्यातच बसल्या. पालेभाजी ताई संध्याकाळी उशिरा बाजार उठता उठता घेतात. शेपू, चवळी, अंबाडी, जी स्वस्त असेल ती. रोज माणशी चारशे ग्रॅम भाजी असं पोषण संस्था सांगते. या घरात अजून त्याच्या निम्मीही होत नाही आणि तसं सांगायला मला संकोच वाटत नाही. आधी होती त्यापेक्षा वाढली आहे.

सगळंच जमलं असं नाही. मोड आलेली कडधान्यं कच्ची खायचा प्रयोग एका आठवड्यात संपला, मिस्टरांना गॅस धरायला लागला. आता मटकी वाफवून, कांदा-लिंबू घालून होते आणि तीही थोडीच. कडधान्य वाढवताना पोटाला वेळ द्यावा लागतो, आणि रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिलं की त्रास कमी होतो. रात्रपाळीच्या आठवड्यात मिस्टर सुटल्यावर वडापाव खातातच. पहाटे गेटबाहेर गरम मिळणारी तीच एक गोष्ट. त्यावर मी हट्ट धरला नाही. डब्यात दोन उकडलेली अंडी जास्त द्यायची, म्हणजे दोनाऐवजी एकावर भागतं. चहातली साखर मात्र त्यांनी मनावर घेतली. दोन चमच्यांचा दीड, दोन आठवड्यांनी एक, मग अर्धा. एकदम बिनसाखरेचा दिला असता तर त्यांनी कॅन्टीनमध्ये जाऊन गोड प्यायला असता, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं.

ताईंच्या स्वतःच्या ताटाबद्दल बोलायला मला बरेच दिवस लागले. त्या शेवटी जेवतात. अंड्यांची भुर्जी केली तर कढईला लागलेली त्यांच्या वाट्याला येते. लोह आणि प्रथिनांची सर्वांत जास्त गरज ज्या माणसाला आहे त्याच्याच ताटात ते येत नसेल तर यादीत कितीही सुधारणा केली तरी उपयोग काय? "आधी जेवा" म्हणून हे सुटत नाही, त्या घरात ते होणार नाही. म्हणून त्यांची वाटी वाढायच्या आधी बाजूला काढून झाकून ठेवायची, एवढंच मागितलं. ते काम त्यांनी केलं नसतं, म्हणून मी आजींना सांगितलं. आजी आता न चुकता काढतात आणि कुणी झाकण उघडलं तर ओरडतात.

एचबीए१सी दर महिन्याला तपासू नका, असं मी सांगते. त्यात साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दिसते. तीन महिन्यांनी मिस्टरांचं ५.९ आलं. अजून उंबरठ्यावरच आहेत, पण आकडा खाली येतोय आणि संध्याकाळचं चालणंही सुरू झालंय. ताईंचं हिमोग्लोबिन ११.२ झालंय. डॉक्टरांनी गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायला सांगितल्या आहेत, कारण आकडा वाढला तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तेल साडेचार लिटरवर आणायचं असं सासू-सुनेनं ठरवलंय. फराळाचं तेल त्यात धरायचं की नाही यावर दोघींचं जमेना म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, वेगळं धरा. चकल्या करा, मनापासून खा, आणि तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळायला तेवढं वापरू नका.