पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत उजवीकडचे दोन वाय-अक्ष एकमेकांवर का चढतात?

तापमान डावीकडे, दाब आणि आर्द्रता उजवीकडे, आणि उजवीकडचे आकडे एकमेकांत मिसळलेले. तुमची अडचण एवढीच असेल तर आकृतीचा आकार वाढवून काही होणार नाही. ट्विन-एक्स, म्हणजे त्याच एक्स-अक्षावर आणखी एक वाय-अक्ष जोडणारी आज्ञा, दर वेळी नवा अक्ष उजव्या कडेलाच लावतो. तो दोनदा वापरला की दुसरा थेट पहिल्याच्या डोक्यावर बसतो. ही चूक नाही, त्याची पद्धतच ती आहे.

तिसऱ्या अक्षाची उजवी स्पाइन (कडेची रेषा) घ्या आणि सेट-पोझिशनमध्ये 'आउटवर्ड' व 60 ही जोडी द्या. हे 60 म्हणजे पॉइंट, पिक्सेल नव्हेत. 72 पॉइंटांचा एक इंच, म्हणजे अक्ष साधारण 2 सेंटिमीटर बाहेर सरकेल. आकडे लांबलचक असतील तर 80 करून पाहा. प्रत्येक अक्षाच्या आकड्यांना त्याच्या रेषेचाच रंग द्या, नाहीतर कोणती रेषा कुठल्या अक्षावर वाचायची तेच कळत नाही.

आता सरकवलेला अक्ष आकृतीच्या कडेला कापला जाईल. आकृती तयार करतानाच लेआउट 'कन्स्ट्रेन्ड' ठेवा, म्हणजे सगळं मावेल अशी जागा आपोआप ठरते. मग शेवटी सवयीने टाइट-लेआउट ही जागा जुळवणारी दुसरी आज्ञा मात्र लिहू नका, दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

खरं सांगायचं तर, तीन वाय-अक्ष वाचणाऱ्याला छळतात. एकच एक्स-अक्ष वाटून घेणारे तीन आलेख एकाखाली एक लावले असते तर हा प्रश्नच आला नसता. सबप्लॉट्समध्ये शेअर-एक्स ट्रू केलं की झालं.