रानससा आणि बिळातला ससा: लांबून ओळखायचा कसा, आणि शिजवताना फरक पडतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. रानससा आणि बिळात राहणारा ससा लांबून वेगळे ओळखता येतात का, आणि दोघांचं मांस एकाच पद्धतीने शिजवलं तर चालतं का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. कारण मात्र दोन्हीकडे एकच: रानससा पळून जीव वाचवतो, दुसरा बिळात घुसून.

मी आधी कान आणि मागचे पाय बघतो. रानससा अंगाने लांबट, तंगड्या लांब, कानही चांगलेच लांब. युरोपातल्या रानसशाच्या कानांची टोकं काळी असतात. बिळातला ससा गुबगुबीत आणि आखूड कानांचा. तरीही शंका राहिली तर तो उठेपर्यंत थांबा. बिळातला ससा जवळच्या झुडपाकडे सुसाट सुटतो आणि दिसेनासा होतो. रानससा मोकळ्या माळाकडे वळतो, ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो आणि मध्येच झटकन दिशा बदलतो.

पण पळायच्या आधी त्याला शोधणं हीच खरी मजा. दिवसा तो गवतात किंवा नांगरटीत अंगाच्या मापाच्या उथळ खळग्यात बसतो. मागची बाजू जरा खोल, कान पाठीला चिकटवलेले, डोळे उघडे. तुम्ही अगदी पाय ठेवायच्या बेतात येईपर्यंत तो हलत नाही. म्हणून भराभर चालण्यापेक्षा चार पावलं टाकून थांबा. तुम्ही थांबलात की तो बिथरतो. कुरतडलेले कोवळे देठ दिसले तर टोक बघा: सशाने खाल्लेला देठ सुरीने तिरका कापल्यासारखा स्वच्छ असतो, हरणाने ओढून खाल्लेला फाटका. पहाटे आणि संध्याकाळी दिसायची शक्यता जास्त.

एक सूचना, विचारली नसलीत तरी. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. गर्भकाळ सुमारे 42 दिवस. बिळातल्या सशाची पिल्लं सुमारे 30 दिवसांतच येतात, तीही बिनकेसांची आणि डोळे मिटलेली. त्यामुळे गवतात एकटं पिल्लू शांत बसलेलं दिसलं तर ते टाकून दिलेलं नाही. आई बहुतेक दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर, काही मिनिटं पाजायला येते. उचलून घरी आणू नका.

शिकारीचं म्हणाल तर आधी कायदा बघा. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानसशाची शिकार गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्री सोडून रानसशाचा पाठलाग करायला 2004च्या कायद्याने बंदी आहे. इतरत्र परवाना आणि हंगाम ठरलेला असतो. त्यामुळे पुढचं सगळं कायदेशीर मिळालेल्या मांसाबद्दलच.

रानससा लांब पल्ल्याचा धावणारा, म्हणून त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन (प्राणवायू साठवणारं लाल प्रथिन) भरपूर आणि मांस गडद लाल, उग्र वासाचं. बिळातल्या सशाचं मांस फिकट, चवीला सौम्य. कोवळा असेल तर तो साधा परतूनही होतो. रानसशाचे पाय मात्र मंद आचेवर दोन-तीन तास रश्शात शिजू द्या. पाठीचं मांस मऊ असतं, ते वेगळं काढून थोडाच वेळ शिजवा. सगळं एकत्र टाकलं की पाठ सुकते आणि पाय चिवटच राहतात. शिकाऱ्यांची जुनी परीक्षा अशी की कोवळ्या जनावराचा कान सहज फाटतो, म्हाताऱ्याचा फाटत नाही. व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण मला तो फक्त जून रानसशासाठी पटतो.

सोलताना हातमोजे घालाच. टुलारेमिया नावाचा जिवाणूजन्य आजार सशांत असतो आणि हातावरच्या बारीक जखमेतूनही तो माणसाला होतो. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर मांस टाकून द्या. फ्रीजरमध्ये ठेवल्याने हा जिवाणू मरतोच असं नाही. आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला शिजवलं की काळजी मिटते.

आणि तूप, तेल किंवा इतर चरबी हात सोडून घाला. या मांसात चरबी जवळजवळ नसते, इतकी की हिवाळ्यात निव्वळ सशांवर राहणारी माणसं पोटभर खाऊनही जुलाब आणि अशक्तपणाने खंगतात. एवढ्या प्रथिनांचा निचरा करणं यकृताला झेपत नाही. एका जेवणाने काही होणार नाही, पण सुकं मांस घशाखाली उतरणार नाही हे नक्की.