बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे, पण दिसतं व्यवस्थित. तरी डोळे तपासायचे का? खर्च किती येतो?

हो, तपासायचे, आणि याच महिन्यात. 'मले बरोबर दिसते' हे मी आमच्या घरात चार वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझे बाबा दर महिन्याला उपाशीपोटीची शुगर तपासत आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहीत. ११२, ११८, १०९. डायरी पाहून डॉक्टरही खूश. तपासणीच्या दोन दिवस आधी बाबा तर्री-पोहे आणि संत्रा बर्फी बंद करत आणि रक्त देऊन निघाले की थेट पोह्याच्या ठेल्यावर जात, हे कोणाला माहीत? तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) काढली तेव्हा ९.८ टक्के निघाली, म्हणजे डायरीतले आकडे फसवे होते. मधल्या काळात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता. आमच्या नागपुरातला, बर्डीवरचा चष्म्याचा दुकानदार नवीन काचा बसवायचा आणि 'वय झालं काका' म्हणायचा. शुगर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं आणि नंबर हलतो, हे एकानेही सांगितलं नाही.

मग एका सकाळी बाबा गॅलरीत बसून तोंडासमोर हात हलवत होते. "काय करता बाबा?" "मच्छर हाये नं." मच्छर कुठेच नव्हता. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. काजळीच्या तारांसारखं काहीतरी दिसे, डोळा फिरवला की तेही फिरे. दुखणं मात्र शून्य. धंतोलीत डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, तर दोन्ही डोळ्यांत नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटलेल्या. डाव्या डोळ्याची तर बाबांची काही तक्रारच नव्हती.

डाव्याला लगेच लेझर केलं, त्याच डोळ्याने ते आजही पेपर वाचतात. उजव्यातलं रक्त विरलं नाही. लेझर, इंजेक्शनं, शेवटी ऑपरेशन, तरी बोटं मोजण्यापुरतंच दिसतं. तेव्हापासून आमच्या आत्याबाई प्रत्येक लग्नात सांगतात, "दादाचा डोळा लेझरनं घालवला, जांभळाच्या बियांच्या पावडरीनं बरा झाला असता." आत्याबाई, लेझर गेलेली नजर परत आणायला करतच नाहीत, उरलेली टिकवायला करतात. वेळेत लेझर झालेला डोळाच आज पाहतोय. उजवा घालवला त्या डायरीने, आणि ती बघून माना डोलावणाऱ्या आम्ही सगळ्यांनी.

तर तुमचं. टाइप २ असेल तर शुगर निघाल्याबरोबर पडदा दाखवायचा, मग दरवर्षी. तुमची बारा वर्षं झालीत! चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर हे कळत नाही. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, उजेड टोचतो. गॉगल न्या आणि येताना गाडी तुम्ही चालवा. लघवीतलं प्रोटीन आणि बीपीही बघून घ्या. पडदा बिघडला की पुष्कळदा किडनीलाही झळ लागलेली असते, आमच्याकडे ते दीड वर्षाने कळलं. खर्चाचीच अडचण असेल तर नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत केस पेपर काढा, तिथे नेत्रविभाग आहे.

एक कबूल करतो. लेझरनंतर अंधारात आणि कडेचं थोडं कमी दिसू शकतं, बाबांनाही तो त्रास आहे. आत्याबाईंचं तेवढं खरं. आणि हे वाचून घाबरून शुगर एकदम खाली आणायला जाऊ नका, फार झपाट्याने उतरली तर आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. औषध डॉक्टरांना विचारूनच वाढवा. पावडर परवा पुन्हा आली आहे. अर्धा किलो.